रहस्यराजाचे दत्तविधान

दत्तविधान म्हटले की आम्हां वकिलांच्या डोळ्यांपुढे होमकुंड, मांडीवर बसविलेले मूल, सही करणारे साक्षीदार आणि त्यानंतर दोन पिढ्या चालणारा दावा, एवढ्या गोष्टी क्रमाने उभ्या राहतात. नाव चालावे, देवघरातील दिवा विझू नये, म्हणून एका घरातले मूल दुसऱ्या घरी जाते. आणि ज्याच्यापाशी नावाखेरीज देण्याजोगे दुसरे काही नसते तोही ते नाव मोठ्या गांभीर्याने देतो. आज वाचकांपुढे जे प्रकरण मांडावयाचे आहे त्यात होम नाही, दस्त नाही, आणि काटेकोर अर्थाने पाहता दत्तकही नाही. स्थळ मेक्सिको देशातील तिहुआना शहर; काळ विसाव्या शतकाची अखेर; देणारा एक पेशेवर मल्ल; घेणारा त्याच्याच नात्यातला एक किरकोळ अंगाचा पोर; आणि दिलेली इस्टेट म्हणजे एक नाव व एक मुखवटा. नाव होते 'रेय मिस्तेरिओ'. या स्पॅनिश शब्दांचा अर्थ आपण 'रहस्यराज' असा करू.

मुलाचे जन्मनाव ऑस्कर गुतिएरेझ. ११ डिसेंबर १९७४ रोजी तो अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, चुला व्हिस्टा या गावी जन्मला. हे गाव सॅन डिएगो शहराच्या दक्षिणेस आहे. तेथून थोडे खाली उतरले की सरहद्द, आणि सरहद्द ओलांडली की तिहुआना. अलीकडे डॉलर आणि इंग्रजी, पलीकडे पेसो आणि स्पॅनिश. माणसे मात्र एकमेकांची. १९६१ पूर्वीच्या पात्रादेवीच्या नाक्याच्या हकिकती ज्यांच्या घरांतून अजून सांगितल्या जातात, त्या गोमंतकीय वाचकांना एका कुळाचे असे दोन बाजूंना पसरणे समजावून सांगावयास नको.

रेय मिस्तेरिओ हे नाव मुळात मिगेल आन्हेल लोपेस दिआस या तिहुआनाच्या मल्लाचे. जन्म १९५८ चा, आणि १९७६ पासून तो रिंगणात होता. हा ऑस्करचा 'तिओ'. पोर्तुगीजमुळे हा शब्द आम्हां गोवेकरांच्या ओळखीचा आहे, आणि त्यातील अडचणही ओळखीची आहे. चुलता, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान, या सर्वांस तिकडे तो एकच शब्द पुरतो; नात्याची आपल्यासारखी फोड त्या भाषा करीत नाहीत. म्हणून मीही या लेखात त्यास तिओ असेच म्हणणार आहे.

तिओ जी कुस्ती शिकवीत असे ती आपल्या लाल मातीतली नव्हे. तिचे नाव 'लुचा लिब्रे', म्हणजे मुक्त कुस्ती. साल्वादोर लुत्तेरोत नावाच्या गृहस्थाने २१ सप्टेंबर १९३३ रोजी मेक्सिको शहरात आपल्या मंडळीचा पहिला फड भरविला, तेव्हापासून तिचा संघटित इतिहास मोजतात. पुढच्याच वर्षी एका अमेरिकन मल्लाच्या हौसेखातर आन्तोनिओ मार्तिनेस नावाच्या, जोडे शिवणाऱ्या कारागिराने चामड्याचा एक मुखवटा बेतून दिला, आणि एका चांभाराच्या आरीने त्या देशाच्या करमणुकीला चेहरा दिला असे म्हणावयास हरकत नाही. त्या परंपरेतील सर्वश्रेष्ठ पुरुष म्हणजे 'एल सान्तो', अर्थात संत. १९४२ मध्ये त्याने रुपेरी मुखवटा चढविला, पन्नासहून अधिक चित्रपटांतून तो मुखवट्यासह वावरला, १९८४ च्या जानेवारीत दूरचित्रवाणीवर त्याने तो क्षणभर किंचित वर सारला, आणि ५ फेब्रुवारीस तो वारला. मुखवट्यासहच त्यास मूठमाती देण्यात आली.

येथेच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाही तर वाचक म्हणतील की वकिलाने मुद्दा दडविला. या कुस्तीचा निकाल आधी ठरलेला असतो. कोण जिंकणार हे दोन्ही मल्लांना ठाऊक असते. हे कळले की आपल्याकडील मातीतले जुने षौकीन नाक मुरडतात, आणि मीही पुष्कळ वर्षे मुरडीत असे. पण मग पेडणे महालातील जत्रेत रात्रभर जागून पाहिलेला दशावतार आठवतो. राक्षस मरणार हे देवळाच्या पायरीवर पेंगणाऱ्या पोरालाही माहीत असते. संहिता कागदावर नसते. संवाद त्या रात्रीपुरते उभ्या जागी सुचतात. आणि गणपतीचे सोंग पटावर आले म्हणजे मुखवट्याआडचा नट गावातलाच कोणी आहे हे ठाऊक असूनही म्हाताऱ्या बाया हात जोडतात. त्यांना कोणी फसविलेले नसते. लुचा लिब्रेचेही थोडेफार तसेच आहे. निकाल ठरलेला, डाव बव्हंशी आयत्या वेळी सुचलेले, आणि आपटणे मात्र शंभर टक्के खरे. पंधरा हात लांबून भिरभिरत आलेला देह फळ्यांवर पडतो तेव्हा मणक्याला निकालाची आगाऊ कल्पना असून काही उपयोग नसतो.

एकच व्यवहार त्यात असा आहे की ज्यात नाटकाच्या आत खरी मालमत्ता हस्तांतरित होते. त्यास पैजेची कुस्ती म्हणतात. दोन मल्ल मुखवटा पणाला लावतात; हरलेल्याने भर फडात तो उतरवावयाचा, आपले खरे नाव सांगावयाचे, आणि रूढीप्रमाणे पुन्हा कधी तो चढवावयाचा नाही. ७ नोव्हेंबर १९५२ रोजी एल सान्तोने ब्लॅक शॅडो या मल्लाचा मुखवटा असा जिंकला, आणि लोकांस प्रथमच कळले की त्याचे नाव आलेहान्द्रो क्रुस. ज्यास मुखवटा नाही तो आपले केस पणाला लावतो. केस पुन्हा उगवतात, म्हणून त्या पैजेची किंमत कमी.

या सर्व कुलाचारात स्वतंत्र मल्लाची स्थिती कशी असते ते ध्यानात घेतले म्हणजे मुखवट्याचे मोल कळते. आपल्याकडे संस्थाने होती तेव्हा मल्लास राजाश्रय असे. खुराक, तालीम, वस्ताद, सर्व दरबारातून. तिहुआनासारख्या गावातील स्वतंत्र मल्लास मासिक वेतन नाही, निवृत्तिवेतन नाही. आज या गावचा ठेकेदार बोलावील, उद्या त्या. रात्रीची बिदागी रात्री. पाय मोडला तर तो स्वतःचा. अशा माणसाजवळ एका फडातून दुसऱ्या फडात नेता येण्याजोगी एकच वस्तू असते: त्याचे रंगीत नाव. ते फलकावर लागले की तिकिटे खपतात. म्हणजे व्यापाऱ्याची जशी पेढीची पत, तशी ही. आणि पत ही हयातीत दुसऱ्यास देणे सोपे नसते.

तिओने ती लगेच दिली नाही, हे मला फार मोलाचे वाटते. त्याच्या तालमीत बाहेरची मुलेही शिकत. क्युबात जन्मलेला आणि अमेरिकन नौदलाच्या नोकरीमुळे सॅन डिएगोला येऊन पोहोचलेला कोनान तेथलाच. तिहुआनाचा सिकोसिस तेथलाच. घरच्या मुलास त्यांच्यापेक्षा सूट नव्हती, आणि त्याची अंगकाठी पाहता असावयास हवी होती असेही कोणी म्हटले असते. मोठा झाल्यावरही त्याची उंची जेमतेम साडेपाच फूट भरली. ३० एप्रिल १९८९ रोजी तो मेक्सिकोत पहिल्यांदा लढला तेव्हा त्याचे वय चौदा वर्षे होते.

येथे वकिलाची सवय आड येते. आपल्या जुन्या दंड संहितेचे कलम ८७, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम २५ म्हणून बसले आहे, असे सांगते की खेळाच्या ओघात, मृत्यू वा जबर दुखापत घडविण्याचा हेतू किंवा तशी जाणीव नसताना झालेली इजा, संमती असल्यास अपराध होत नाही. करमणुकीखातर तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचे उदाहरण त्या कलमाखाली दिलेले आहे. पण संमती देणाऱ्याचे वय अठराच्या वर पाहिजे. मेक्सिकोस आपला कायदा लागू नाही, हे उघड आहे. तरी चौदा वर्षांच्या मुलाच्या पहिल्या कुस्तीचा विचार करताना ते वाक्य माझ्या मनात येते, आणि मग आपल्याच जत्रांतून नारळासाठी, नंतर पाचदहा रुपयांसाठी फडात उतरणारी दहाबारा वर्षांची मुले आठवतात. त्यांची संमती कोणी विचारली होती? असो.

पहिल्या दिवसांत त्यास तिओचे नाव वापरावयास मिळाले नाही. आधी तो 'हिरवी पाल' या नावाने लढला. पुढे 'कोलिब्री' झाला. कोलिब्री म्हणजे अमेरिका खंडातील तो इवला पक्षी, जो फुलासमोर हवेत ठाव धरून मध पितो. नावे ठेवणाऱ्यांना मुलगा काय चीज आहे हे कळले होते, असे या निवडीवरून म्हणता येते. भिंतीवरून सरसर चढणारा प्राणी आणि जमिनीस पाय न लावणारा पक्षी. या उमेदवारीनंतर तिओने आपले नाव त्यास दिले आणि तो 'रेय मिस्तेरिओ ज्युनिअर' झाला. 'ज्युनिअर' हा शब्द पाश्चात्य रिवाजाप्रमाणे पोटच्या मुलास लागतो. येथे तो नात्यातल्या मुलास लागला. दत्तविधान म्हणतो ते याच अर्थाने.

आता त्याच्या उड्डाणाविषयी. हा विषय मला प्रिय आहे, म्हणून येथे थोडा रेंगाळतो. लुचा लिब्रेत हवेतून घेतलेल्या झेपांचे कुळ मोठे आहे. दोरांमधून डोके पुढे करून रिंगणाबाहेर उभ्या प्रतिस्पर्ध्यावर बाणासारखे जाणे, हा एक प्रकार. वरच्या दोरावर चढून अंग आडवे टाकणे, हा दुसरा. तिसरा, आणि या मुलाच्या नावाशी कायमचा जोडला गेलेला, म्हणजे उराकान रामीरेस या जुन्या मल्लाच्या नावावरून ओळखली जाणारी 'उराकानराना'. त्यात उडी घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या मानेभोवती दोन्ही पायांचा विळखा घालावयाचा आणि स्वतःच्या देहाची गिरकी घेत त्यास उलथून पाडावयाचे. आपला कलाजंग वा धोबीपछाड पाहणाऱ्यास यातील तत्त्व कळेल: उलथणाऱ्याचे वजन नव्हे, उलथले जाणाऱ्याचे वजन कामास येते. बारीक मल्लास म्हणूनच हा डाव फळतो.

परंतु उडणाऱ्याची कीर्ती होते आणि झेलणारा विस्मृत होतो. हवेत सुटलेल्या माणसास दिशा बदलता येत नाही. त्याच्या खाली उभा असलेला प्रतिस्पर्धी जागचा अर्धा वीत हलला, हात किंचित उशिरा वर झाले, तर दोघांपैकी एकाची मान जाते. म्हणजे फडात ज्याचा द्वेष करावयाचा, त्याच्याच हाती आपला मणका सोपवावयाचा, असा हा उलटा न्याय आहे. धाकट्या रहस्यराजाचे भाग्य असे की त्याचा झेलणारा त्याच्याच तालमीतला होता. सिकोसिसने खलनायक म्हणून त्याच्याशी तिहुआनात किती वेळा झुंज घेतली असेल याची मोजदाद कोण करणार? सर्वांनी वाखाणलेले ते उड्डाण निम्मे सिकोसिसचे होते, असे माझे मत आहे.

आणि या विश्वासालाही मर्यादा आहे, हे त्याच शहराने पुढे दाखविले. २० मार्च २०१५ च्या रात्री तिहुआनातील एका दुहेरी कुस्तीत, तोवर जगद्विख्यात झालेल्या या मल्लाने पेर्रो आग्वायो ज्युनिअर या आपल्या समव्यवसायी मित्रास पाठीमागून उडती लाथ मारली. तशी लाथ दोघांनीही हजारदा दिली-घेतली होती. आग्वायो दोरांवर कोसळला तो उठला नाही. मानेच्या मणक्यास इजा होऊन २१ तारखेस तो मरण पावला. वय पस्तीस. तोही एका गाजलेल्या मल्लाचे नाव चालविणारा 'ज्युनिअर' होता. संमतीचे कलम अशा ठिकाणी अपराधातून सोडवील; आणखी कशातून सोडवील असे वाटत नाही.

आपण पुन्हा आरंभाकडे वळू. १९९२ मध्ये आन्तोनिओ पेन्या या आयोजकाने जुन्या मंडळीतून फुटून 'ट्रिपल ए' नावाची नवी मंडळी काढली. तीस दूरचित्रवाणीचे पाठबळ होते आणि वेगवान, तरुण मल्लांची भूक होती. कोनान तिकडे गेला. सतराअठरा वर्षांचा आपला उमेदवारही गेला. तेथे हुव्हेन्तुद गेर्रेरा या दुसऱ्या मल्लपुत्राशी त्याची गाठ पडली. ६ नोव्हेंबर १९९४ रोजी या मंडळीने लॉस एंजेलिस येथे भरविलेल्या मोठ्या फडात, तिघांविरुद्ध तिघांच्या कुस्तीत, तो अमेरिकन प्रेक्षकांसमोर आला. त्यानंतर दीडएक महिन्याने मेक्सिकोचे चलन कोसळले. १९९४ च्या डिसेंबरातील ते पेसोचे अवमूल्यन अर्थशास्त्राच्या पुस्तकांतून वाचावयास मिळते. त्याने मल्लांच्या बिदागीचे काय केले ते त्या पुस्तकांत नसते. घरी पेसोत कमवून पोट भरेना, तेव्हा जे उडू शकत होते ते उत्तरेस उडाले.

१६ सप्टेंबर १९९५ रोजी फिलाडेल्फिया शहरात, एरवी आकड्यांचा बिंगो खेळण्यासाठी असलेल्या एका साध्या सभागृहात, तो आणि सिकोसिस प्रथम उभे राहिले. तेथील प्रेक्षकवर्ग कडवा. धिप्पाड देह, खुर्च्या आणि रक्त पाहावयास सरावलेला. त्यांच्यापुढे हा वीस वर्षांचा, साडेपाच फुटी, मुखवट्यातला पोर. पण कुस्ती अर्ध्यावर येण्याआधीच सभागृह त्याचे झाले होते. नवल त्यांना वाटले. या दोघांनी मात्र तिहुआनात लहानपणापासून जे केले तेच केले. लागलीच त्यांच्या कुस्त्यांची मालिका झाली, जपानचे दौरे झाले. १६ जून १९९६ रोजी बाल्टिमोर येथे तो एका मोठ्या अमेरिकन कंपनीच्या फडात डीन मालेन्को या तंत्रकुशल मल्लाशी लढून हरला, आणि ८ जुलैस त्याच मालेन्कोकडून त्याने हलक्या वजनाच्या गटाचे अजिंक्यपद घेतले. स्वतंत्र मल्लाची उमेदवारी येथे संपली. पहिल्या कुस्तीपासून ती सात वर्षे चालली.

आता त्यास करार होता, नियमित वेतन होते. कराराचे एक वैशिष्ट्य असे की ज्याच्या मीठभाकरीची सोय होते त्याचा शब्दही त्यात ओघाने येतो. २६ ऑक्टोबर १९९७ रोजी लास व्हेगास येथे त्याची एडी गेर्रेरोशी कुस्ती झाली. एका बाजूस अजिंक्यपद, दुसऱ्या बाजूस मुखवटा. या प्रकारातील सर्वोत्तम कुस्त्यांत तिची गणना होते. त्या रात्रीचा त्याचा जांभळा पोशाख फँटम या चित्रकथेतील वीराच्या धर्तीवर होता. आमच्या थोरल्या भावांच्या पेटीतील इंद्रजाल मालिकेत हाच वीर 'वेताळ' या नावाने मराठी बोलत असे. ज्या गावांतून वेताळ हा राखणदार देव आहे तेथल्या आम्हां मुलांचा त्यामुळे बराच गोंधळ उडे. मुखवटा त्या रात्री वाचला.

२१ फेब्रुवारी १९९९ रोजी मात्र वाचला नाही. धाकटा मिस्तेरिओ आणि कोनान, तिओच्या तालमीतले दोघेही, ओकलंड येथे केव्हिन नॅश व स्कॉट हॉल या दोन महाकाय मल्लांविरुद्ध लढले. पणास एका बाजूस हा मुखवटा आणि दुसऱ्या बाजूस प्रतिपक्षातील एका स्त्रीचे केस. मेक्सिकोत मुखवटा मुखवट्यासाठी जातो, वर्षानुवर्षांच्या वैराची सांगता म्हणून जातो, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रे हरलेल्याचे नाव आदराने छापतात. येथे कंपनीस चेहरा उघडा हवा होता, इतकेच. आपली त्यास मान्यता नव्हती, हे त्याने नंतर उघडपणे बोलून दाखविले आहे. तिओने उमेदवारी पाहून, पारखून दिलेली ती वस्तू. ती पणाला लावण्याचा अधिकार नेमका कोणाचा होता, देणाऱ्याचा, घेणाऱ्याचा की वेतन देणाऱ्याचा? माझ्यापुढे हा दावा आला असता तर पहिली तक्रार मी तेथेच केली असती.

ती कंपनी २००१ साली विकली गेली. २५ जुलै २००२ रोजी तो दुसऱ्या, तिच्याहून बलाढ्य अमेरिकन कंपनीच्या फडात उतरला तेव्हा मुखवटा पुन्हा तोंडावर होता. मेक्सिकोतील जुन्या रूढीप्रमाणे हे चूक. परंतु मुखवटा ज्या रीतीने गेला होता तीही रूढीस धरून नव्हती, तेव्हा दोन्ही बाजूंची फिटंफाट झाली असे मी मानतो. फलकावरील नावात मात्र एक फेर होता. 'ज्युनिअर' हा शब्द गाळलेला होता. नुसते रेय मिस्तेरिओ. मूळचा रेय मिस्तेरिओ तेव्हा हयात होता. २० डिसेंबर २०२४ रोजी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, तो वारला.